उजव्या हाताचं मंगल कार्यालय

अट मुकुंदरावांचीच होती. "साखरपुड्याले मले मागं बसवून ने. वाटेत पाय टेकला, का स्कूटी प्रेमलालले विकली. संध्याकाळी पाह्यले येऊन राह्यला तो."

"हौ," म्हणत अलकनंदाबाईंनी पदर खोचला.

लेक नोकरीला लागून पुण्याला गेल्यापासून तिची स्कूटी अंगणात उभी होती. अलकनंदाबाईंची म्हातारी आई किरनापूरला. तिच्याकडे जायचं म्हटलं की तीस वर्षं मुकुंदरावांचं एकच उत्तर, "फुरसत पाहून सांगतो." ती फुरसत काही सापडत नव्हती. बाईंनी कितीदा तरी भरलेली पिशवी रिकामी केली होती.

शेवटी शेजारच्या श्रद्धाला धरून त्या दोन महिने शाळेच्या मैदानावर शिकल्या. पहिल्याच दिवशी उजवीकडे वळताना गुडघा फुटला. तेव्हापासून त्यांनी मैदानाला फक्त डाव्या फेऱ्या घातल्या, देवाला घालतात त्याच्या बरोबर उलट. हे श्रद्धाला ठाऊक होतं, मुकुंदरावांना नव्हतं.

बालाघाटातल्या घरापासून सिवनी रोडपर्यंत दोन वळणं, दोन्ही डावी. मुकुंदराव मागून सूचना देत होते, बाई ऐकत नव्हत्या. गाव संपता संपता मंगल कार्यालय आलं. उजव्या हाताला. दारातून यजमानांनी हात हलवला, मुकुंदरावांनीही हलवला, आणि स्कूटी पुढे गेली.

"अवं, राह्यलं न मागं! वळव!"

"येत नाई वळवता."

"काहून?"

"उजवीकडचं शिकलीच नाई मी."

मुकुंदरावांनी उभा जन्म बांधकाम खात्यात रस्ते आखण्यात घालवला होता, पण असला वाहनचालक त्यांनी कधी हिशेबात धरलाच नव्हता. "मंग थांब! मी ढकलत फिरवतो."

"पाय टेकला, का प्रेमलाल."

"अट मागं घेतो, बाप्पा!"

"मी नाई घेत," बाई म्हणाल्या. मागून ट्रक हॉर्न देत होता. त्यांनी त्याला जाऊ दिलं आणि हँडल घट्ट धरलं.

धानाच्या बांध्यांची शेतं मागे पडली. लालबर्राची पाटी आली तेव्हा मुकुंदरावांनी रामपायलीच्या रामाला नारळ बोलून टाकला. तेवढ्यात डाव्या हाताला एका राइस मिलचं फाटक उघडं दिसलं. बाई डावीकडे आत शिरल्या, वाळत घातलेल्या धानाला डावीकडून फेरी घातली आणि हमाल बघत राहिले. फाटकातून बाहेर आल्या, रस्ता रिकामा बघून सरळ ओलांडला, समोरच्या मोकळ्या जागेत पुन्हा डावी फेरी घेतली आणि डावीकडेच रस्त्याला लागल्या. तोंड बालाघाटकडे!

मुकुंदरावांनी बोटांनी हवेत नकाशा काढून पाहिला. चूक सापडेना.

परतताना मंगल कार्यालय आपोआप डाव्या हाताला आलं. अंगठ्या घालून झाल्या होत्या, जिलेबी संपली होती, नुसता मठ्ठा उरला होता. बाई दोन पेले प्यायल्या.

घरी जाताना मुकुंदराव मागून हळूच म्हणाले, "हा चौक सोड. पुढच्या गल्लीतून डावीकडं घे, मंग आणखी दोनदा डावं."

ओसरीवर प्रेमलाल वाट पाहत बसला होता. मुकुंदरावांनीच त्याला सांगितलं, "विकाची नाई भाऊ." मग जरा वेळानं बायकोला विचारलं, "उद्या कुठं?"

"किरनापूरले. आईकडं."

"मी बी येऊ का?"

अलकनंदाबाईंनी किल्ली कमरेला खोचली.

"फुरसत पाहून सांगते."