नळीचे वरचे टोक

नानासाहेबांच्या स्वयंपाकघराचे छत फोडून गॅसच्या शेगडीवर पत्र्याची उभी नळी बसवायची, हा निर्णय पुण्यात झाला. फोनवर बोलताना त्यांना फोडणीचा ठसका लागला आणि तनुजाने त्याच दिवशी चिमणी मागवून टाकली. आई गेल्यापासून वडिलांना तिची एकच ताकीद होती: "बाबा, तुम्हाला एकट्याला जमत नाहीये असं जरा जरी वाटलं, तर घर भाड्यानं देऊन मी तुम्हाला इकडं आणणार."

सिडकोतल्या त्या इमारतीत नानासाहेब सर्वांत वरच्या मजल्यावर राहत. शेगडीमागची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. धुराला आकाशाचीच वाट उरली होती. करमाडहून आलेल्या सोमनाथ मिस्त्रीने गुलमंडीच्या बाजारातून नळी आणली, स्लॅबला भोक पाडले आणि नळीचे तोंड गच्चीवर कमरेइतके उंच काढले.

"हिला वळण नको का कुठं?"

"कशाला, नाना? धूर काय वळणं घेत जातो व्हय? मोटर कंपनीकडून यायचीय. आली की बसवतो."

"तोवर?"

"तोवर धूर आपल्या मनानं जाईल."

मोटर आली नाही. धूर मात्र मनापासून गेला, आणि त्याच वाटेने गच्चीवरचे आवाज खाली उतरू लागले: पारव्यांची घुमघुम, ताटांची खणखण, सकाळी कुरडया घालणाऱ्या बायकांचे हसणे. त्या निःशब्द घरात ते हसणे कुणी चुकून ठेवून गेलेल्या वस्तूसारखे भासे. नानासाहेब शेगडीपाशी रेंगाळू लागले. वरचे खाली येते तसे खालचेही वर जात असेल, हे मात्र उभे आयुष्य जमिनीच्या मोजणीत घालवलेल्या या माणसाच्या ध्यानात आले नाही.

आणि खाली बोलण्यासारखे पुष्कळ होते. रत्नमालाबाई गेल्या, पण त्यांच्याशी बोलण्याची सवय मागे राहिली होती. फोटोसमोर नानासाहेबांना अवघडल्यासारखे होई. शेगडी पेटली की जीभ सुटे. "अगं, हळद किती?" "आजची भेंडी पार चिकट झाली बघ." उत्तर येत नसे. तरी प्रत्येक वाक्यानंतर ते उत्तरापुरती जागा सोडत.

एका सकाळी, खिचडीची डाळ धूत असतानाच तनुजाचा फोन आला.

"बाबा, घरात कोण असतं?"

"कोण असणार?"

"इमारतीतून फोन आला होता मला. तुम्ही स्वयंपाकघरात कुणाशी तरी अगं-तुगं करून बोलता म्हणे."

खरे सांगावे, तर पुणे अटळ होते. नानासाहेबांनी खोट्याचा आधार घेतला.

"स्वयंपाकाला बाई लावलीय. भागूबाई."

"बाईला अगं म्हणता?"

"वयानं लहान आहे."

"किती लहान?"

"तुझ्यापेक्षा मोठी."

"ठीक. तासाभरानं फोन करते. मला तिच्याशी बोलायचंय."

नानासाहेब चपला घालून समोरच्या दारी गेले. द्वारकाबाई नुकत्याच गच्चीवरून उतरल्या होत्या. हाताला कुरडयांचा चीक तसाच होता.

"एखादी बाई मिळेल का हो? तासाभरापुरती?"

"काय म्हणालात?"

"बाई," नानासाहेब मोठ्याने म्हणाले. "तासाभरापुरती."

खालच्या मजल्यावर दोन दारे उघडली. द्वारकाबाईंनी आपले लावून घेतले.

परत येऊन त्यांनी शेगडी पेटवली. दुसरे काय करावे, ते सुचले नाही. "अगं, खोटं बोललो मी पोरीशी," ते पातेल्याकडे पाहत म्हणाले. "आता ती नेणार मला. त्या घराला तुझा हातही लागलेला नाही. तिथं मी बोलू कुणाशी?"

सवयीने त्यांनी उत्तरापुरती जागा सोडली. वरचे हसणे थांबलेले होते.

फोन वाजला.

"द्या तिला."

"तिचे हात पिठात आहेत."

"मग फोन स्पीकरवर टाका. नुसता आवाज ऐकू द्या."

नानासाहेबांनी फोन ओट्यावर ठेवला. आयुष्यात प्रथमच ते रिकाम्या स्वयंपाकघराला अहो-जाहो करून बोलले. "अहो भागूबाई, ताई बोलतायत."

पातेल्यात खिचडी रटरटली. मग नळी घुमली.

"बोला ताई. मी हाय इथं."

नानासाहेबांच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"भागूबाई, बाबा नीट जेवतात ना?"

"जेवतात. मिठाचा हात लई सैल हाय, तेवढं मी बघते. तुम्ही घोर नका लावून घेऊ."

"बाबा, आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय?"

"छत उंच आहे," नानासाहेब म्हणाले.

तनुजाचे समाधान झाले. तिने बाईचा पगारही आपणच देऊ म्हणून सांगितले आणि फोन ठेवला. खिचडी बुडाला लागली होती. धूर संथपणे नळीत शिरत होता. नानासाहेब मान वर करून त्या काळोख्या वर्तुळाकडे पाहत राहिले. आवाज त्यांनी ओळखला होता. पहिल्या मजल्यावरच्या केसरबाई. रत्नमालाबाई गेल्यावर भेटायला आल्या होत्या; तेव्हा नानासाहेबांनी दार उघडले नव्हते.

"नानासाहेब?"

"हं."

"गॅस बंद करा आधी. इथवर करपल्याचा वास येतोय."

त्यांनी बंद केला. "सगळंच ऐकू येतं का वर?" त्यांनी हळूच विचारले.

वर कुजबुज झाली, मग पुन्हा केसरबाईंचा आवाज आला.

"मला येतं. पण उद्यापासून वहिनींशी जरा मोठ्यानं बोलत जा. द्वारकाबाईंना कमी ऐकू येतं. अर्धंच कानावर पडतं, अन् मग त्या पुण्याला फोन लावतात."