दोरीकडं बघा, बाई

बाळांनो, तुमच्या बाबांनी इथल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवून तिकडे नेल्या. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मुंज संपल्यावर तासभर नुसती दोरीच का दिसते?" ते चित्रीकरण माझं आहे आणि वाईट आहे. फोनवर खुलासा नीट झाला नाही, म्हणून लिहून पाठवते.

त्या दोरीच्या वरच्या टोकाला दत्तोबा आहे. घरांना खेटलेली मोठी झाडं काढणं हा त्याचा धंदा. 'झाड तोडणं' म्हटलेलं त्याला खपत नसे. "तोडत्यात ती येडी. आमी उतरवतो," असं तो ठणकावून सांगे. आणि कॅमेऱ्यात घेतल्याशिवाय तो कुठल्याही झाडाला करवत लावत नसे. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या कुणा स्टुडिओनं मोडीत काढलेला खांद्यावरचा कॅमेरा त्यानं मिळवला होता. शिवाय झाडावर चढायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. गल्लीत म्हणत, ह्याला सिनेमात जायचं होतं, वाटेत झाडावर अडकला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वळवाच्या वाऱ्यात आमच्या परसातल्या रेन ट्रीची सर्वांत मोठी फांदी बेचक्यात चिरली आणि मागच्या खोलीच्या कौलांवर लोंबकळू लागली. त्या खोलीत तुमचे आजोबा खुब्याचं हाड मोडून, पायाला वजन बांधून पडले होते. त्यांना जागेवरून हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दत्तोबा आला, झाडाभोवती फिरला, वारा सुटेपर्यंत ओट्यावर बसला. मग झुलणाऱ्या फांदीचं शूटिंग करून निघाला.

"अहो, आणि काम?" मी विचारलं.

"ह्ये कामच की, बाई. फांदी कुठं वढ घेतीया, ते आदी बघाय नको?"

आतून आजोबा म्हणाले, "त्याला म्हणावं, माझाही एक फोटो काढून ठेव. हार घालायला लागेल."

दुसऱ्या दिवशी तो दोन गडी घेऊन आला. दोघेही दोर धरायला खाली हवे होते, म्हणून कॅमेरा माझ्या खांद्यावर आला. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. कुठे बघायचं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई, मला बघू नका. फांदीबी बघू नका. दोरीकडं बघा. गाठ दिसू द्या."

काम मात्र नेटकं होतं. फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून घ्यायचा, खाली बुंध्याला तीन वेढे देऊन गड्यांनी धरायचा. मग वर करवत चाले. कापलेली फांदी खाली न कोसळता हवेत थांबे आणि डोक्यावरची भरलेली कळशी उतरवावी तशी हळूहळू जमिनीला लागे. संध्याकाळपर्यंत बारक्या फांद्या उतरल्या. चिरलेली मोठी तेवढी राहिली, वरच्या बेचक्याला दोरानं बांधलेली. एकही कौल हललं नव्हतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण दिवसभर मी कौलांकडेच बघत होते.

सकाळी दत्तोबा करवतीशिवाय आला. "आज जमायचं न्हाय. कॅशेटीत गाठच दिसंना. निस्ती कौलं हायती."

"कुणाला दिसेना? गाठ तुम्हीच मारलीत ना?"

"मारली मीच," तो म्हणाला आणि तसाच माघारी गेला. दुपारी मी रिक्षा करून कळंब्याला त्याच्या घरी गेले. वाटेत तीन कडक वाक्यं मराठीत तयार केली, एक इंग्रजीत.

दार उघडंच होतं. टीव्हीवर माझी कॅसेट लागली होती. समोर जमिनीवर दत्तोबा आणि त्याची बायको हौसाबाई बसले होते. तिनं त्याचं मनगट गच्च धरलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात तो फांदीवर पुढे सरकत होता.

"उतरा की आता खाली," ती टीव्हीला म्हणाली.

"उतरतोय की," शेजारून दत्तोबा म्हणाला.

माझी चारही वाक्यं कुठल्या कुठे गेली.

हौसाबाईचं माहेर जयसिंगपूरकडचं, दोर वळणाऱ्यांचं. दत्तोबाचा प्रत्येक दोर ती स्वतः घायपाताच्या वाखाचा, म्हणजे पानांतल्या धाग्यांचा, वळे. चार वर्षांपूर्वी चिंचेवर दोर तुटून तो खाली आला होता. "दोर माजाच हुता, बाई," ती म्हणाली. मोडलेला हात सांधल्यावर तो पुन्हा चढायला निघाला, तेव्हा तिनं अट घातली: दोर कामावर कसा चालतो ते रोज डोळ्यांनी बघीन. परक्यांच्या दारात रोज उभं राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून कॅमेरा.

"हिनं बघितलं की ही जेवती," दत्तोबा म्हणाला. "न्हाईतर ताट तसंच ऱ्हातं. लोकास्नी वाटतंय मला हिरो व्हायचंय. वाटू द्या की."

ती तिसऱ्यांदा कॅसेट बघत होती. एका ठिकाणी माझा हात हलला होता, आणि बेचक्यावरून गेलेला दोर क्षणभर दिसला. तिनं चित्र थांबवलं, उठून काचेवर बोट ठेवलं. "हितं पीळ सुटलाय."

तोच दोर त्या घडीला आजोबांच्या डोक्यावर फांदी धरून होता.

दत्तोबा लगेच उठला. तिनं खुंटीवरचा नवा दोर काढला. वाटेत गडी गोळा करून आम्ही एकाच रिक्षात कोंबून आलो. हौसाबाई पहिल्यांदाच त्याच्या कामावर आली होती. त्यानं आधी नवा दोर बांधला, मग जुना सोडला, मग करवत घेतली. दत्तोबाची कॅसेट त्याच्या टीव्हीखालीच राहिली होती, म्हणून कॅमेऱ्यात आमची मुंजीची कॅसेट घातली, आणि या वेळी मी दोरीवरून नजर काढली नाही. खाली गड्यांच्या पुढे हौसाबाईनं ताणलेल्या दोरावर तळवा टेकवला होता, डॉक्टर नाडी बघतात तसा. फांदी जमिनीला लागली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. "झालं का?" आजोबांनी आतून विचारलं. "मग चहा टाका. सगळ्यांना."

आजोबा त्यानंतर पायांवर उभे राहिले आणि पुढे सात वर्षं आपल्या मनासारखे जगले. झाड उभं आहे, एका फांदीनं कमी. हौसाबाई अजून दोर वळते. दत्तोबा अजून सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरतो.