पास झालेल्यांना पार्ट नाही

आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात पार्ट हवा असेल, तर आधी शाळेत नापास व्हावं लागतं. हा नियम वासूमामांचा. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या या गावात मी भाड्याने राहायला आले, तेव्हा शेजारच्या अंगणातून पहिलं वाक्य ऐकलं ते हेच: "पास जाल्ल्यांक पार्ट ना! घरा वच!" ऐंशी टक्केवाला एक पोरगा तोंड पाडून निघाला होता.

वासूमाम म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक, पेटीवाल्याचे वैरी आणि जन्माचे प्रॉम्प्टर. विंगेतून पुढचं वाक्य सांगायची सवय अशी मुरलेली, की गावात कुणीही बोलता बोलता अडकलं की माम पुढचं पुरवतात. पूजेत भटजी मंत्र विसरले, तर मामांनी हळूच "कोण आहे रे तिकडे?" दिलं. एका मयताच्या घरी बाई हुंदका गिळायला थांबली, तेवढ्यात मागून आवाज आला: "आतां म्हाका कोण!" मीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

नापास पोरांशी त्यांचा सौदा सरळ होता. पार्ट हवा, तर परत परीक्षेला बसायचं. तालीम संपली की त्याच आवाजात अभ्यास. औरंगजेबाच्या थाटात, पोटातून आवाज काढून बोलायला लावलेलं फोटोसिंथेसिस मी या कानांनी ऐकलं आहे. "पोटांतल्यान उलय रे! पानां आपलें जेवण आपूण रांदतात, आनी तूं उपाशी सारको उलयता!" पोरं हसायची आणि हसता हसता धडा पाठ व्हायचा. पास झालं की माम पाठीत धपाटा घालून हाकलून द्यायचे. पुढे तेच पोरगं नोकरीला लागायचं आणि माम रस्त्यात दिसले की मोबाईलमध्ये डोकं घालायचं. गरज सरो, वैद्य मरो. संताप मला यायचा, मामांना नाही.

यंदा राजाचा पार्ट सतूला होता. बाप खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, सिंधुदुर्गातून आलेला. सतू मात्र इथलाच जन्मलेला, दहावीत गचकलेला. वर्गात वाचायला उभं केलं की याला घाम फुटायचा. दिवाळीपासून मामांनी त्याला घासला. पोरगा ताठ चालू लागला, पुस्तक उघडू लागला.

मग जत्रेची कमिटी अंगणात आली. "पार्ट गांवकरांच्या भुरग्यांक. हो भायलो."

याच गावची तांबडी धूळ खाऊन वाढलेलं पोर, मूळ घराण्यातलं नाही म्हणून भायलं, बाहेरचं! पार्ट गेला पंचाच्या मुलाला, आणि तो तर पास झालेला. मी मामांकडे बघत राहिले. सगळ्या गावाला वाक्यं पुरवणाऱ्या माणसाच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. नुसते हात जोडून उभे राहिले. मला त्यांचा राग आला.

सतू दुसऱ्याच दिवशी पळाला. हरमलच्या किनाऱ्यावरच्या एका शॅक-हॉटेलात टेबलं पुसतो असं कळलं. परीक्षा तोंडावर आलेली. माम माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही तिकडे गेलो.

"पेपराक येतलो मरे?" मामांनी विचारलं.

"कित्याक?" सतू रिकाम्या बाटल्या उचलत म्हणाला. "उद्या मी पास झालंय तरी भायलोच."

"सतू, आयक..."

"तुमका तरी खय दिल्यानी पार्ट, मामानू? तुमचो बापूस पण सावंतवाडीसून इललो ना? म्हणानच तुमी जल्मभर विंगेत."

मी चमकून मामांकडे पाहिलं. हा माणूस हौसेने पडद्याआड राहतो, असं मी आजवर समजत होते.

"खरें," माम म्हणाले. "म्हणून सांगतां, पेपराक बस. थंय गांवकर कोण आनी भायलो कोण, कोणूच विचारना."

सतूने समोरचं टेबल पुसलं, पुन्हा तेच पुसलं. मग वर न बघता म्हणाला, "बसतंय पेपराक." त्यात खरं किती, देव जाणे. मालकाची हाक आली आणि तो गेला.

मी स्कूटर चालू केली, तरी माम बसेनात. समुद्राकडे तोंड करून उभे होते.

"म्हाका नववींत शाळेंतल्यान काडून उडयलो," ते म्हणाले, "तेन्ना हें पेपराचें म्हाका कोणेंच सांगलें ना."