अडीच हजार वर्षे अधांतरी

देव खाली येता येता मध्येच थांबला. विंगेत संहिता उराशी धरून उभ्या असलेल्या बाईंना आधी वाटलं, आपले हे जरा भाव खात असतील. पहिलाच प्रयोग, समोर भरलेलं सभागृह, माणसाला मोह होतो. पण देवाने एकदा पाय झाडले, मग पुन्हा झाडले आणि मुखवट्याच्या भोकांतून विंगेकडे असं काही पाहिलं, की काहीतरी बिघडलंय हे बाईंनी ओळखलं. घरातला फ्यूज स्वतःच्या हातून उडाला की हे असंच बघत.

खाली मंचावर प्राचीन ग्रीसचा राजा, म्हणजे नाक्यावरचे दाताचे डॉक्टर, आपल्या मुलीवर तलवार उगारून उभे होते. मुलगी म्हणजे बाईंची भाची. देवाने जमिनीवर उतरून "थांब राजा!" म्हणायचं होतं. देव उतरेना, राजाचा हात दुखायला लागला.

"मामी," भाची मान वेळावता वेळावता पुटपुटली, "मामा येतायत की मी मरू?"

बाई वाचनालयात ग्रंथपाल होत्या. वाचनालयाच्या मागे एक सभागृह होतं, सभागृहात एक छोटा रंगमंच होता आणि त्या रंगमंचावर बाईंचा जीव होता. नवीन अध्यक्षांचा जीव मात्र टेबल टेनिसवर होता. "नाटकं कोण बघतं हो हल्ली?" ते म्हणाले होते. "तुमच्या मागच्या प्रयोगाला मध्यंतरानंतर मी आणि पंखा, दोघेच उरलो होतो." बाईंनी हळू आवाजात एक शेवटची संधी मागितली. अध्यक्षांनी दिली, पण अट घातली. लोक शेवटपर्यंत बसले, तर रंगमंच राहील. उठून गेले, तर सोमवारी सुतार येऊन फळ्या उचकटेल. बाईंनी मग हातचं राखून काही ठेवलंच नाही. पाश्चात्य रंगभूमीचा प्राचीन काळापासून आजपर्यंतचा अख्खा इतिहास त्यांनी एका नाटकात बसवला.

त्यांचे यजमान आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झाले होते. सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. जेवताना एकदा बाईंनी सहज सांगितलं, की ग्रीक नाटकात माणसांनी सगळा गुंता करून ठेवला, की शेवटी देवाला यंत्राने वरून खाली सोडत आणि तो गुंता सोडवी. काकांचा घास हातातच राहिला. "अगं, म्हणजे ती लिफ्टच की!" दुसऱ्या दिवशी कप्प्या, दोर, पट्टे घरात आले. दोराला त्यांनी एक लोखंडी जबडाही बसवला. वजन जास्त होऊन दोर वेगाने सुटायला लागला, की जबडा तो करकचून धरायचा. "माझी एकही लिफ्ट आजवर पडलेली नाही," ते छाती काढून म्हणाले. "देवही पडणार नाही."

देव पडला नाही, हे खरं.

"अहो, काय झालं?" बाईंनी विंगेतून विचारलं.

"जबडा धरलाय!" देव वरून म्हणाला.

जबडा म्हटल्यावर डॉक्टरांनी सवयीने वर पाहिलं.

"पण तालमीत तर नीट उतरत होतात!"

"तालमीत एकच झगा होता. आज सगळे घातलेत."

काकांना प्रत्येक युगात एकेक छोटी भूमिका होती. विंगेत मुलीबाळींसमोर कपडे कसे बदलायचे, म्हणून त्या भल्या माणसाने सगळ्या युगांचे कपडे एकावर एक चढवले होते. वरून ग्रीक झगा, त्याच्या आत देवदूताचे पंख, त्याच्या आत म्हाताऱ्याची लोकरी कफनी, त्याच्या आत भुताचं पत्र्याचं चिलखत, त्याच्या आत कोट, आणि दोराचे पट्टे सगळ्यांच्या आत. ग्रीक देवाला पोक का आलंय, हा प्रश्न पहिल्या रांगेत कुजबुजला जात होताच.

"आता हो?"

"वजन उतरलं की जबडा सुटेल."

"मग काढा ना कपडे!"

"ग्रीसमध्ये? बनियनवर?"

तेही बरोबर होतं. पडदा पाडावा, तर तो नेमका देवाच्या डोक्यावर येऊन अडकला असता. शिडी आणावी, तर नाटक तिथेच संपलं आणि टेबल टेनिस सुरू झालं. बाईंनी मनातल्या मनात खऱ्या देवाला हात जोडले आणि वरच्या देवाला सांगितलं, "तिथूनच बोला. युग संपलं की एकेक काढा."

"थांब राजा!" देव अंतराळातून गरजला. राजाने सुटकेचा निःश्वास टाकून तलवार खाली केली. टाळ्या पडल्या.

"बाई," काका कुजबुजले, मंचावर असले की तेही त्यांना बाईच म्हणत, "इतिहास जरा लवकर आटपा."

मध्ययुग आलं. चर्चमधून बाहेर पडून नाटक गाड्यांवर चढलं आणि गावोगाव फिरायला लागलं, असं भाचीने सांगितलं. तेवढ्यात वरून ग्रीक झगा सुटला आणि सैतान झालेल्या डॉक्टरांच्या डोक्यावर पडला. आत दबलेले पंख फाडकन उघडले. सभागृहात एकच "अरे वा!" झालं. झग्याखाली चाचपडणाऱ्या सैतानाकडे बोट दाखवून भाचीने वेळ मारून नेली, "बघा, स्वर्गातून नुसतं कापड पडलं तरी याला वाट दिसेनाशी होते!"

बाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. कोणी उठलं नव्हतं. दाराशी गेलेला एक गृहस्थसुद्धा परत येऊन बसला होता आणि शेजाऱ्याला विचारत होता, "अजून वरच आहे ना?"

पंख उतरले, इटलीतली मुखवट्यांची विनोदी नाटकं आली. त्यांत काका मुलीला कोंडून ठेवणारा खट बाप होते. मुलीने आणि तिच्या प्रियकराने घरभर लपून त्यांना चकवायचं होतं. आता लपायची गरजच उरली नाही. दोघं बापाच्या पायांखाली निवांत बसले.

"मला वरून सगळं दिसतंय हं!" बाप ओरडला.

"मग या की खाली!" प्रियकर झालेले डॉक्टर म्हणाले.

"येतो म्हटलं की येता आलं असतं, तर तुझे दात ठेवले असते का मी?"

हे संहितेत नव्हतं. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. अध्यक्षांनी रुमाल काढून डोळे पुसले. मग आपण अध्यक्ष असल्याचं आठवून रुमाल घाईने खिशात कोंबला.

कफनी उतरली, चिलखत दिसलं, आणि इंग्रजांच्या बिनछपराच्या नाट्यगृहात तर काहीच अडचण आली नाही. खुनी राजाला छळणारं भूत लोंबकळतच बरं दिसतं. डॉक्टर ऐन पश्चात्तापाच्या वेळी वाक्य विसरले, तेव्हा भुतानेच त्यांना वरून ते सांगितलं आणि लोकांना वाटलं, काय हा सदसद्विवेक! युग संपताच चिलखत खणखणत खाली आदळलं. दोराला हिसका बसला, भूत हातभर खाली आलं.

"आला! आला!" मागच्या रांगा उभ्या राहिल्या.

जबड्याने पुन्हा धरलं. "अरेरे!" सगळे खाली बसले.

आणि मग वास्तववाद आला. देव चालतो, देवदूत चालतो, भूत चालतं. पण तीन भिंतींच्या खऱ्याखुऱ्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, कोट घातलेला घरधनी छताला का लटकतो? शिवाय इथे घरधनिणीचं काम स्वतः बाईंना होतं. चहाचा ट्रे घेऊन त्या मंचावर आल्या. लिहिलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "अहो, चहा घेता ना?"

"ठेव तिथे. आलोच."

आलोच! बाईंच्या आत काहीतरी तटकन तुटलं. ट्रे त्यांनी टीपॉयवर आपटला.

"आलोच, आलोच! लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे आलोच! जमिनीला पाय लागलेत का कधी तुमचे? पोरगी मोठी झाली, भिंतींना ओल आली, मी पिकले. आणि तुम्ही आपले वर! जरा खाली येऊन बघा, घर कसं चालतं ते!"

बाईंचा एवढा आवाज काकांनीसुद्धा कधी ऐकला नव्हता. "अगं, पण मी तरी काय करू?" ते काकुळतीने म्हणाले.

बायकांच्या बाजूने टाळ्यांचा असा कडकडाट उठला, की टीपॉयवरच्या कपबश्या वाजल्या. एक आजी उभी राहून म्हणाली, "आमच्याकडेही अगदी असंच!" नवरा लटकलेला का आहे, हे कुणीच विचारलं नाही.

शेवटी आधुनिक काळ आला. रिकामा मंच, उजाड प्रकाश, दोन हताश माणसं. पुस्तकांत होतं म्हणून बाईंनी इथली वाक्यं जड मनाने लिहिली होती.

"वर कोणी आहे का?" डॉक्टरांनी खोल आवाजात विचारलं.

"नाही," भाची म्हणाली. "वर कोणीच नाही."

"आहे! आहे!" अख्खं सभागृह ओरडलं.

वर काकांनी कोटाची शेवटची गुंडी सोडली. कोट खाली गेला आणि खट्ट असा गोड आवाज झाला. जबडा सुटला. पांढरा बनियन, पायजमा, विस्कटलेले केस अशा अवतारात एक साधा माणूस तरंगत तरंगत खाली आला. त्याचे पाय फळ्यांना लागले, तेव्हा एकही माणूस खुर्चीत नव्हता.

"हुश्श!" तो म्हणाला. "मुंग्या आल्या हो पायांना!"

पाश्चात्य रंगभूमीच्या इतिहासातलं हे अखेरचं वाक्य ठरलं. टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी काकांना उचललं, भाचीने मामीला मिठी मारली, बाईंच्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं.

अध्यक्ष मागच्या दाराने आत आले. चेहरा गंभीर होता. "बाई, देवाने युगायुगांत एकेक वस्त्र टाकलं, शेवटी तो निव्वळ माणूस झाला, आणि माणूस झाल्यावरच जमिनीवर आला. केवढा विचार!"

"नाही हो, तो जबडा..." बाई प्रामाणिकपणे सांगू लागल्या.

"विनय नको! सुताराला मी सोमवारी बोलावलंय, तो येणारच." बाईंनी मंचाच्या फळ्यांकडे पाहिलं. "वरची तुळई जरा भक्कम करून घ्या. आणि..." अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि सदरा पोटावरून ओढून सारखा केला. "पुढच्या प्रयोगात देवाचं काम कोणाला देताय?"

काकांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत लिफ्टवाल्याच्या नजरेने मापलं.

"घेऊ की, साहेब," ते म्हणाले. "पण तुम्हाला थेट आधुनिक काळातच घ्यावं लागेल."