कणगीतला पांढरा जावई

जनावर राखावं तर या रायबानं, वेल्ह्याच्या बाजारात कुणालाबी इचारा. म्हनून तर संस्थानी राज्य हुतं तवा भोरच्या शरच्चंद्र डॉक्टरांनी पांढऱ्या उंदरांची जोडी माझ्या हवाली केली. सख्खी भैन-भावंडं. त्यांच्यावर औषधं तपासायची म्हनं. मुंबईच्या प्रयोगशाळेत साथ शिरली तर बियाणं बुडू नये, म्हनून थोडं भोरला ठेवल्यालं. त्यातलं थोडं आमच्या थंड डोंगरात.

"रायबा, या दोघांचीच पोरं वाढव. बाहेरचं रक्त शिरू देऊ नकोस. वाण जसंच्या तसं राहिलं पाहिजे."

"निर्धास्त जावा," म्या म्हनलं.

घरी आमच्या रतनबाईनं कपाळ धरलं. "सख्ख्या भैन-भावाचं? अवं, मेंढरातबी आपून मेंढा बदलून आणतो."

खरंच की. डॉक्टर शिकल्यालं, पन कळपातलं त्यांना काय ठावं? म्या नाचणीच्या कणगीतनं एक मातकट उंदीर धरला, तालमीतल्या पैलवानावानी, आन मादीच्या पेटीत सोडला. एक घेतला तर एक द्यायचा, ही आमची रीत. म्हनून पांढरा नर कणगीत दिला.

पिल्लं झाली. समदी मातकट, पन अशी टणक! म्या शाबासकीची वाट बघत बसलो.

डॉक्टर आले ते मुंबईच्या सायबाला घिऊन. दोघांचंबी तोंड उतरल्यालं.

"रायबा, मुंबईचे सगळे उंदीर साथीत गेले. भोरचेही. आता हे वाण फक्त तुझ्या पेटीत आहे."

सायबानं पेटी उघडली. एकेक मातकट पिल्लू उचलून बघितलं.

"नर कुठं आहे?"

"दिला."

"कुणाला?"

म्या कणगीकडं बोट केलं. वर आमचा बोका मिशा चाटत बसला हुता.

डॉक्टर भिताडाला टेकले. "मादी आहे. नर जिवंत सापडला तर वाण वाचेल. नाहीतर संपलं."

रतनबाईनं बोका कोंबड्यांच्या डालीखाली कोंडला. नाचणी सुपासुपानं भाईर. एक उंदीर पळाला, मातकट. दुसरा, तोबी मातकट. सायब कोट काढून कमरेपातुर आत. नाचणी सरत आली.

"आन बोक्यानं खाल्ला असंल तर?" रतनबाई हळूच म्हनली.

"गप की गं."

तळाला काडाचं घरटं. त्यातनं एक शेपटी भाईर आलेली. पांढरी. पन हलंना. सायबानं दम धरून हात घातला आन एकदम वराडला. नरानं बोट धरल्यालं, सुटता सुटंना. सायब मातर हसतोय.

डॉक्टरांनी नाचणीतच बसकण मारली. "रायबा, यापुढं उंदराचं लग्न जमवू नकोस."

जोडी मुंबईला गेली. पिल्लं पांढरी झाली, वाण वाचलं. म्याबी सुटलो, असं वाटलं.

फुडच्या साली सासुरवाडीला, मार्गासनीला गेलो, तर मेव्हणा गेनू कणगी दावतोय. "दाजी, आमच्या नाचणीत पांढरा उंदीर निगाला. शकुन हाय बगा."

म्या मान हलवली. ती नाचणी आमच्या कणगीतली, म्याच धाडली हुती; तिच्यासंगं पांढऱ्या जावयाची मातकट पोरं गेली असनार, आन नातू पांढऱ्या आज्यावर गेला. मुंबईचं बियाणं मुंबईला डॉक्टरांनी पोचवलं, मार्गासनीला म्या.