विरोधी संघाकडे पाठ

कबड्डीचे प्रशिक्षक असूनही जनाभाऊंनी आपल्या संघाची एकही चढाई शेवटपर्यंत पाहिलेली नाही. सामना सुरू झाला की ते मैदानाबाहेर, मध्यरेषेच्या टोकाशी, विरोधी संघाकडे पाठ करून उभे राहतात. आपला गडी रेषा ओलांडून गेला की त्यांच्या दृष्टीने तो गावाला गेला. परत आला तर भेट. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा तेही वळतात. शेवटची शिट्टी झाली की शेजारच्याला विचारतात, "काय झालं? जिकलो का?"

पेणला आम्ही एकाच आळीत राहतो. मी वार्ताहर; त्यांना स्वतःच्या सामन्याची हकिगत माझ्या बातमीतून कळते. "मंगेश बरा खेळला की," असं ते पेपर वाचून म्हणतात. मंगेश त्यांचाच कर्णधार.

ही सवय वडिलांची. कासूकडच्या खारजमिनीत वडील गावाचे म्होरके होते. उधाणात खाडीचा बांध फुटला की सगळे चिखलाचे गोळे टाकायला धावत आणि वडील पाण्याला पाठ करून उभे राहत.

"बापूस सांगायचा," जनाभाऊ म्हणाले, "पाणी येतंय ते ठाऊक हाय, त्याच्याकडं काय बघायचं? माणसांकडं बघा. दमलेला माणूस बोलत नाय, त्याचं तोंड बोलतं. त्याला आधी वर काढायचा."

"आणि वडिलांच्या तोंडाकडे कोण बघायचं?"

"त्याच्या? तो तं आमच्याकडं बघत असायचा. एका उधाणानंतर आठवडाभर उठला नाय. अंगात ताप कधीपासून व्हता, कुणालाच माहीत नाय."

कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांना जनाभाऊंची ही पद्धत पटत नसे. रोह्याच्या अंतिम सामन्याआधी ते स्पष्टच बोलले, "जनाभाऊ, या वेळी हरलो तर दुसरा माणूस बघू. निदान खेळाकडे तोंड तरी करा."

"खेळाकडं बघायला तुम्ही हाव की."

सामना संपत आला तेव्हा संघ एका गुणाने मागे होता. जनाभाऊंनी मंगेशला बाहेर बोलावलं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

"भाऊ, मी ठीक हाय."

"तोंड बघ तुझं. बस."

मंगेश धुसफुसत बाकावर बसला. बदली गडी चढाईला गेला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मंगेशच्या समोर मात्र जनाभाऊ उभे होते. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग पाण्याची बाटली घेऊन उठला.

"भाऊ, बसा."

"मॅच चाललीय."

"तोंड बघा तुमचं. बसा."

जनाभाऊ बसले. सामन्यात त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहिलं. बाटलीचं झाकण त्यांना उघडेना. ते मंगेशने उघडून दिलं आणि मैदानाकडे पाठ करून तो त्यांच्यासमोर उभा राहिला. मागे गलका झाला. शिट्टी वाजली.

"काय झालं?" जनाभाऊंनी विचारलं.

"माहीत नाय. मी तुमच्याकडं बघत व्हतो."

संघ त्या एका गुणानेच हरला होता. जनाभाऊंचं पाणी पिऊन झाल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. अध्यक्ष तरातरा आले, पण आधी जनाभाऊच बोलले.

"दुसरा माणूस बघू नका. मला गावला." त्यांनी मंगेशच्या हातात बाटली दिली. "बापसाला गावला नव्हता."