फुटतं की दबतं?

मोघेसरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. काचेच्या दोन पट्ट्या असतात. समोर कुठलाही दाणा आला की तो एका पट्टीवर ठेवायचा, वरून दुसरी दाबायची आणि कान जवळ न्यायचा. मग निकाल येतो. "फुटतं." किंवा, तोंड वाकडं करून, "दबतं."

रामघाटाच्या गल्लीतला मिठाईवाला त्यांना पाहताच बत्तासा पुढे करतो. "लीजिए डॉक्टर साहब, एक और की जान लीजिए." सर खरंच घेतात. बत्तासा फुटतो, पेढा दबतो. आणि आमचे मॅनेजर तिवारीजी? ते दबतात, पण बोट काढलं की पुन्हा फुगतात. "असा माल दळायला सगळ्यात कठीण," सर म्हणतात.

सर चार पिढ्यांचे बनारसचे. मराठी त्यांची अशी : "अरे भाई, फालतू घाई नको करू, आधी माल समजून घे." मी हिंगोलीकडचा, आठवीनंतर शाळा सोडलेला. काम शोधत बनारसला आलो, रामघाटावर सरांशी ओळख झाली आणि त्यांच्या शब्दावर शहराबाहेरच्या एका गोळ्यांच्या कारखान्यात पावडर दळायच्या मिलवर लागलो. सर तिथली प्रयोगशाळा बघतात. मला सहा महिने बघून मग कायम करायचं ठरलं होतं. रोज सकाळी गेटवर कार्ड लावताना वाटायचं, आज हे चालणार नाही.

पाचव्या महिन्यात अंगदुखीच्या गोळीची नवी पावडर आली. सकाळी पहिला ड्रम पिठासारखा निघाला. दुपारी मात्र माल मिलच्या आत लिंपल्यासारखा बसायला लागला, जाळी बुजली. तिवारीजी म्हणाले, "स्पीड बढ़ाओ." वाढवला. जास्तच बसला. "और बढ़ाओ." मशीन तापलं, आणि आतला थर खरवडताना माझे हात भरून आले.

"आठवीं पास से यही होगा," तिवारीजी म्हणाले. "कल तक ठीक नहीं हुआ तो दूसरा आदमी रखूँगा."

सर आले. एक दाणा काचेत दाबला. "दबतं. जेवढं जोरात मारशील तेवढं गरम होईल, आणि गरम झालं की अजून दबेल. तू काय पाहिलंस ते सांग."

मी काय पाहिलं, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. भीत भीत म्हणालो, "सर, सकाळचा पहिला ड्रम चांगला निघाला. रात्रभर थंडीत होता ना तो. आमच्याकडं गुळाची चिक्की थंडीत काडकन मोडते, उन्हात नुसती वाकते."

सरांनी काचेसकट दाणा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला आणि दारापाशी स्टूल टाकून बसले. थोड्या वेळानं काढून दाबला. बारीकसा 'कट्' आवाज आला. पन्नाशी उलटलेला तो माणूस दोन्ही हात वर करून प्रयोगशाळेत गोल फिरला.

तिवारीजींनी कुरकुरत एक ड्रम दिला. आत दव धरू नये म्हणून तो घट्ट बंद करून कोल्ड रूममध्ये ठेवला. सकाळी माल थोडा थोडा सोडला. खालून मैद्यासारखी बारीक पावडर पडत होती. तिवारीजींनी स्वतः चाळणी धरली, तीनदा हलवली. वर चिमूटभरच उरलं.

"पूरा निकल गया," ते म्हणाले. "मशीन इसी के पास रहेगी."

"याने पकडलं, मी नाही," असं सर दिसेल त्याला सांगत सुटले. पॅकिंगच्या बायका माझ्याकडे वळून वळून बघायला लागल्या. मी नुसता घामाघूम.

तिवारीजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मामाजी की नाक रख ली तुमने."

"कौन मामाजी?"

"अरे, डॉक्टर साहब. लिखकर दिया था उन्होंने, सगा भांजा है, ज़िम्मेदारी मेरी. नहीं तो तुमको गेट के अंदर कौन लेता?"

सर नळापाशी चाळणी धूत होते.

"सर, तुम्हाला बहीण आहे?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "नाही. घरात कुणीच नाही. फॉर्मवर काहीतरी नातं लिहावं लागत होतं. तुला चालत नसेल तर कापून टाकतो."

"नका कापू," मी म्हणालो. "उद्या रविवार आहे. संध्याकाळी सातला खोलीवर जेवायला या. भाकरी येते मला."

दुसऱ्या दिवशी मी अजून पीठच मळत होतो. मामा साडेपाचलाच दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.